शनिवार, साडेसहा ते आठ

हापिसातली मंडळी विचारतात, "दर आठवड्याला लिहायला तुला वेळ कसा मिळतो रे?" घरी विचारतात, "झालं का तुझं लिहून?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वेळ कुणालाच मिळत नाही, तो कुठून तरी काढावा लागतो. दुसरा प्रश्न मात्र अवघड. तो वेळ नेमका कुणाच्या वाट्यातून काढला, याचा हिशोब त्यात असतो. आजचा लेख त्या हिशोबाबद्दल.

आमच्या लाइनमधलं जगणं तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी स्टँडअप, संध्याकाळी अमेरिकेतल्या लोकांबरोबर कॉल, मधे जमलं तर काम. उरतात शनिवार-रविवार. त्यात भाजी, लेकीचा गृहपाठ, गॅसवाला, प्लंबर, आणि कुणाचं तरी बारसं नाहीतर साखरपुडा. आता "वीकेंडला निवांत लिहू" असं म्हणणाऱ्या माणसाचं काय होतं बघा. शनिवारी सकाळी तो म्हणतो, दुपारी बसू. दुपारी जेवण अंगावर येतं. संध्याकाळी पाहुणे. मग रविवार, आणि रविवारी रात्री दहाला लॅपटॉप उघडून नुसतं बघत बसणं. लिहून झालं की नाही हे सोडाच, दोन्ही दिवस तो माणूस घरात असून नसल्यासारखा. पोरीशी पत्ते खेळताना डोक्यात पहिलं वाक्य, मंडईत मेथीची जुडी निवडताना दुसरं. काम होतं दीड तासाचं आणि खाल्ले दोन दिवस! (बॅकग्राउंडला अडकून पडलेली प्रोसेस असते ना, तसं. आउटपुट शून्य, बॅटरी मात्र संपते.)

माझं म्हणणं एवढंच आहे. लिहिण्याचा नेम लिहिण्यासाठी लागतोच, पण त्याहून जास्त तो उरलेल्या वेळात न लिहिण्यासाठी लागतो.

जेक्वेरी ज्यानं लिहिली त्या जॉन रेसिगनं २०१४ मध्ये याच दुखण्यावर लिहिलं होतं. नोकरी सांभाळून स्वतःचे प्रोजेक्ट तो शनिवार-रविवारी करायचा. ते पुढे सरकेनात आणि वीकेंडचं उगाच दडपण यायला लागलं. मग त्यानं नियम केला, रोज थोडा तरी कोड लिहायचा, आणि तोही मध्यरात्रीच्या आत. कोड झालाच, पण त्याला जाणवलेली मोठी गोष्ट वेगळी होती. डोक्यावरचं ओझं गेलं आणि वीकेंड पुन्हा वीकेंड झाला.

नोकरी करून लिहिणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणाल तर अँथनी ट्रोलोप. हा गडी ब्रिटिश पोस्टात अधिकारी. इंग्रजी कादंबरीकार म्हणून तो प्रसिद्ध आहेच, पण तिकडे रस्त्यावर टपालपेट्या आणण्यातही त्याचा हात होता. पहाटे साडेपाचला टेबलावर हजर. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचं, मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. हे सगळं उरकून मग ऑफिस. अशा पद्धतीनं त्यानं सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आत्मचरित्र आलं आणि हा हिशोब लोकांना कळला. कलेच्या प्रांतात घड्याळ आणल्याचं बऱ्याच जणांना आवडलं नाही.

मला त्यातल्या दोन बारीक गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, त्याला उठवायला आणि कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर होता. त्याला त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा मिळत आणि आपल्या यशाचं मोठं श्रेय ट्रोलोपनं त्यालाच दिलं. दोन, पोस्टाच्या कामासाठी सतत रेल्वेनं फिरावं लागे तेव्हा तो डब्यात बसून मांडीवरच्या पाटीवजा फळीवर पेन्सिलीनं लिहायचा, आणि त्याची सुवाच्य प्रत नंतर बायको करायची. म्हणजे नेम एकट्याचा नसतोच. घरातलं कुणीतरी त्याची किंमत मोजत असतं. ट्रोलोपनं निदान ते लिहून ठेवलं.

आता सवयीचं गणित. "एकवीस दिवसांत सवय लागते" हे वाक्य मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकापर्यंत मागे जातं. तो बोलत होता ते पेशंटना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान किती दिवस लागतात याबद्दल! लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखरचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर पाणी पिणं, फळ खाणं असल्या साध्या रोजच्या गोष्टी. अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवसांचा, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

पण हे झालं रोजच्या गोष्टींचं. आठवड्यातून एकदाच करायची गोष्ट ६६ वेळा करायला सव्वा वर्ष लागेल! आठवड्याचा लेख नुसता शनिवारच्या भरवशावर सोडला तर तो अंगवळणी पडायच्या आधीच आपण थकणार. म्हणून त्याचा एक तुकडा रोजचा करायला हवा.

तर माझा सध्याचा नेम असा:

१. रोज पाच ओळी. हिंजवडीहून परतताना बस अडकली की मोबाईलवर. (अडकण्याची हमी आहे, त्यामुळे नेम मोडत नाही :) ) विषयाची अट नाही. लिफ्टमध्ये ऐकलेलं, मीटिंगमध्ये खटकलेलं, काहीही.

२. शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी त्या पंचवीस ओळींतून एक गोष्ट निवडायची. शनिवारी सकाळी विषय शोधायचा नाही. ती वेळ स्वयंपाकाची, बाजारहाटाची नव्हे.

३. शनिवारी साडेसहा ते आठ लिहायचं. आठला थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. केंट बेकनं २००२ च्या टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटवरच्या पुस्तकात सांगितलंय की एकट्यानं काम करत असाल तर उठताना शेवटची टेस्ट फेल होत असलेली ठेवा. परत आलात की कुठून सुरू करायचं ते समोरच असतं. आणि ही युक्ती मुळात लेखनातली, रिचर्ड गेब्रियलकडून वाक्य अर्धवट सोडायला शिकलो, असं तोच म्हणतो. माझं अर्धं वाक्य सोमवारी बसमध्ये पुरं होतं, दुरुस्त्याही तिथेच.

४. थकबाकी नाही. एखादा शनिवार लग्नात किंवा प्रॉडक्शनच्या आगीत गेला तर गेला. पुढच्या आठवड्यात दोन लेख नाहीत. एकादशी मोडली म्हणून कुणी पुढच्या एकादशीला दोन उपास करत नाही.

५. रविवारी सकाळचे तेवढेच दीड तास बायकोचे. ती तळजाईवर जाते. तेव्हा घर, दूध आणि लेक माझ्याकडे. माझा शनिवार टिकलाय तो या पाचव्या कलमामुळे.

एवढा खटाटोप कशासाठी, असंही कुणी विचारेल. पैसे नाहीत, अप्रेझलमध्ये एक ओळ वाढत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं: माझा अख्खा दिवस इंग्रजीत जातो. मेल, डिझाइन डॉक्युमेंट, कोडमधल्या कॉमेंट्स, सगळं. घरी मराठी आहे, पण ती "दूध आणलंस का" आणि "चावी कुठेय" एवढीच लागते. एखादा विचार धरून मराठीत दोन पानं सलग लिहायला दहावीच्या पेपरनंतर मला कुणीही सांगितलेलं नाही, आणि पुढेही कुणी सांगणार नाही. भाषा बोलण्यातून जाते त्याच्या कितीतरी आधी ती विचारातून जाते. दीड तासात मी फार काही वाचवतो असं नाही, पण आठवड्यातून एकदा ती विहीर उपसली जाते. पाणी ताजं राहतं.

तुम्हालाही सुरू करायचं असेल तर नवी वही किंवा ॲप शोधू नका. आधी घरात बसून आठवड्याच्या तासांची वाटणी करा, आणि आपला तास मागताना दुसऱ्याचा तास आपण होऊन देऊ करा. एकदा ती वाटणी झाली की लिहिणं त्या मानानं सोपं आहे.