आपणहून बोलणारा गांधार

पुण्यात डिसेंबरची थंडी पडली, की ‘सवाई’चे वेध लागतात. सवाई गंधर्व १९५२ साली गेले. पुढल्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी हा उत्सव सुरू केला. रसिक वाचकहो, तेथे गाणे सुरू होण्याआधी दोन तंबोरे जुळू लागतात, तेव्हा कान द्यावा. खर्ज नेमका लागला म्हणजे कोणीही न छेडलेला गांधार आपणहून बोलू लागतो! पेटीचा गांधार त्याहून किंचित चढा. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यावर दुसरे काय व्हायचे?

त्या ‘किंचित’चा शोध जुना आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुतींची मोजदाद केली. बावीस श्रुतींवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली पुण्यातच छापला गेला. खाँसाहेबांचा गळाही तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत उरला आहे. पण सवाई गंधर्वांना गांधार मिळाला तो गुरूसमोर बसून, आणि भीमसेनांनाही तसाच.

आता गाणे घरबसल्या ऐकता येते, जरूर ऐकावे. मात्र मुलांना एकदा तरी जुळत्या तंबोऱ्यांजवळ न्यावे. तो गांधार ज्याने ऐकला, त्यालाच तो तबकडीतही सापडतो.