शून्य व्होल्ट

बाबांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला आमच्या घरी सगळे 'रथ' म्हणतात. चार चाके, पुढे टोपली आणि हँडलला एक खटका. दाबला की गाडी चालते, सोडला की आपोआप थांबते. पक्षाघातानंतर बाबांचा डावा पाय ओढतो. घरात ते काठीने फिरतात, पण घराबाहेरचे जग तीन वर्षे त्यांच्यासाठी खिडकीएवढेच उरले होते. रथ आला आणि सोमवारी संध्याकाळी मंगेशीच्या देवळात पालखीला जाणे पुन्हा सुरू झाले. तळीपर्यंत रथ, तिथून पुढे काठी आणि कोणाचा तरी खांदा. सात मजली दीपस्तंभापाशी थोडा वेळ उभे राहायचे आणि मग आत. वाटेवरच्या फुलांच्या बायका विचारायच्या, "मास्तर, आज उशीर केलात?" निवृत्त शाळामास्तराला कोणी असे विचारणे म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या जूनमधली गोष्ट. रात्रभर विजा कडाडत होत्या, लाईट जात-येत होती. सकाळी पाहतो तर रथाचा काटा तांबड्यात आणि चार्जरवरचा दिवा मात्र हिरवा. हिरवा म्हणजे चार्जिंग पुरे झाले. रात्रभर लावूनही गाडीत काहीच भरले नव्हते.

घरात मल्टिमीटर होता. आधी भिंतीच्या सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहिला, पेटला. म्हणजे तिथपर्यंत वीज होती. मग मीटरचा काटा डीसी 200 व्होल्टवर फिरवला. चार्जरच्या वायरचे तोंड तीन पिनांचे असते आणि पिनांशेजारी 1, 2, 3 असे बारीक आकडे कोरलेले असतात. 1 धन, 2 ऋण. तिथे मीटरच्या दोन्ही कांड्या टेकवल्या. आकडा आला 0.00.

गाडी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "चार्जर गेला. बॅटऱ्याही जुन्या झाल्या असतील, सगळेच बदलून टाका." मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ते शून्य पाहून मला जरा हायसे वाटले होते. मंगेशीचा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. पर्यटकांच्या टॅक्सी, ट्रक, पावसात निसरडी झालेली कड. एकदा एका गाडीने बाबांच्या अगदी अंगावरून कट मारला होता आणि मी हे आईला आजतागायत सांगितलेले नाही. रथ आपला आपणच बंद पडला, तर 'जाऊ नका' हे मला सांगावे लागणार नव्हते. बाबांना म्हटले, "चार्जर जळला. पावसाळा संपला की बघू."

"नीट मोजलंस?"

"मोजलं. शून्य आलं."

"शून्य कुठल्या घरात आलंय, तेही बघावं," एवढेच म्हणून त्यांनी वर्तमानपत्र वर धरले.

पुढच्या सोमवारी बाबा पाच वाजता धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसले. कोणाला काही बोलले नाहीत. सात वाजता उठले, आत गेले, सदरा काढून खुंटीला लावला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या वायरमनमामांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात अजून स्थिर. माझी हकीकत ऐकून हसले. "तशें मेजल्यार शून्यच दाखयतलें!" मग समजावून सांगितले. हल्लीचे पुष्कळसे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय वीज सोडतच नाहीत. मोकळ्या पिना एकमेकींना टेकून ठिणगी उडू नये म्हणून तशी सोय असते. अशा चार्जरला नुसता हातात धरून मोजायचे नसते. बॅटरीशी जोडून मोजायचे.

मामा घरी आले. चार्जर काढला, किल्ली बंद केली, हातातली अंगठी काढून खिशात ठेवली, कारण बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागला तर हात भाजायला क्षणही पुरे. सीट उचलली. खाली 12 व्होल्टच्या दोन काळ्या पेट्या, एकीला एक जोडून 24. एकीवर 11.9, दुसरीवर 12.0. "दोघी उपाशी आहेत, पण मेलेली कोणी नाही. एक मेली असती तर आकड्यांत फरक दिसला असता." मग चार्जर लावून पुन्हा मोजले. बेरीज 23.9 ची 23.9 च राहिली आणि दिवा हिरवाच.

आता त्यांनी गाडीवरच्या त्या भोकात कांड्या घातल्या, जिथे चार्जरचे तोंड बसते. तिथे बॅटरीचे 23.9 दिसायला हवे होते. दिसले शून्य. बॅटरीकडून येणारी वाटच तुटली होती. मागचे झाकण उघडले तर वायरच्या टोकाला हिरवा गंज चढून ते सुटले होते. आमच्या पावसाळी दमट हवेचे काम. बिचाऱ्या चार्जरला समोर बॅटरी दिसतच नव्हती, मग तो काय भरणार?

टोक कापून, घासून, नवी क्लिप लावली. चार्जर जोडला आणि दिवा तांबडा झाला. मीटर चढू लागला. 25 झाले, तेव्हा बाबा काठी टेकत येऊन मागे उभे राहिले होते. मध्यरात्रीकडे आकडा 28 च्या वर गेला. दिवा हिरवा झाल्यावर चार्जर काढला, आणि काही तासांनी, सकाळी, मोजले तर 25.6. बॅटरी थोडी थांबून मोजावी, लगेच मोजली तर ती फुगवून सांगते, असे मामांनी बजावले होते. आणि हेही, की गाडी वापरा वा नका वापरू, बॅटरी उपाशी ठेवू नका. शिशाच्या बॅटरीला रिकामे पडून राहणे सोसत नाही. पत्र्यांवर स्फटिक धरतात आणि मग ती पूर्वीइतके धरून ठेवत नाही.

हे बॅटरीबद्दल होते. पण ते ऐकताना मी बाबांकडे पाहिले नाही.

आता दर रविवारी बाबा स्वतः मोजतात. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर तारीख आणि व्होल्ट, सुवाच्य अक्षरात. रस्त्याची भीती मला अजून वाटते. म्हणून मागे एक तांबडा दिवा आणि उंच झेंडा लावून घेतला आहे, आणि त्यांच्याशी त्याविषयी उघड बोललो आहे. पहिल्या सोमवारी मी स्कूटर हळू हळू मागून नेत होतो. तळीच्या वळणावर त्यांनी मान न वळवताच हात केला, पुढे जा म्हणून.

मी पुढे गेलो.