भट्टीच्या आत कोण, बाहेर कोण?



दसऱ्याच्या आसपास आपल्या धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्यांचे बॅनर लागतात : ‘बॉयलर अग्निप्रदीपन सोहळा’. बॅनरवर चेअरमन, संचालक, नेते. मुहूर्त ठरलेला, पूजेला बसणारं जोडपंही ठरलेलं. ज्या भट्टीत ती आग पेटते, ती उन्हाळाभर आत बसून कोणी बांधली हे मात्र बॅनरवर कधी नसतं. आम्ही चौघांनी अशा भट्ट्या बांधल्या आहेत. म्हणून आज थोडं आतून बोलतो.

2017 च्या ऑफ सीझनला आम्ही एका ठेकेदाराकडे लागलो. चौघंही आयटीआय केलेले, दोन फिटर, दोन वेल्डर. गाळप संपून बॉयलर थंड झाला की भट्टीतल्या फायर ब्रिकच्या भिंती उघड्या पडतात. हंगामभर हजार अंशांच्या आसपासची आग सोसून त्या तडकलेल्या, झिजलेल्या असतात. त्यांच्यावर वितळलेल्या राखेचा काचेसारखा थर बसलेला असतो. तो फोडायचा, राख उपसायची आणि नवं अस्तर लावायचं.

पहिल्या दिवशी मुकादमानं यादी वाचली आणि आडनावं ऐकूनच कामं वाटली. राख उपसायला आत आम्ही, मातंग समाजातली पोरं आणि वडार. ड्रॉइंग हातात धरून बाहेर उभे राहणारे वेगळे. सर्टिफिकेट आमच्याही खिशात होतं, ते कोणी मागितलंच नाही. अशा बंद जागेत माणूस उतरवण्याआधी जाणकारानं तपासून लेखी दाखला द्यावा, हातदिवा 24 व्होल्टच्या वर नसावा, असं कारखाने अधिनियमात लिहिलेलं होतं. आमच्या डोक्यावर घरगुती विजेचा हॅलोजन लटकत होता.

तरी काम आवडलं, हे खरं. फायर ब्रिक साध्या विटेसारखी नसते. एकेक वीट जवळपास चार किलोची. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा, त्यात वाळू-सिमेंट चालत नाही. तापल्यावर भिंत फुगणार, म्हणून ठरावीक अंतरावर मोकळी फट सोडावी लागते. फट सोडायला विसरलं तर भिंत स्वतःलाच ढकलून पाडते. वाकड्या-तिकड्या जागी विटेऐवजी कास्टेबल ओततात, म्हणजे उष्णता सोसणारं काँक्रीट. त्यात पाणी मोजूनच घालायचं, आणि ओतल्यावर ते पाणी बाहेर काढायलाही वेळ द्यायचा. आग तासाला पंचवीस-तीस अंशांनी चढवायची, मध्ये मध्ये थांबायचं. कारण एक लिटर पाण्याची वाफ झाली की सतराशे लिटर जागा मागते. वाट मिळाली नाही तर ती अस्तर फोडून निघते.

त्या वर्षी माल उशिरा आला आणि कास्टेबल मुहूर्ताच्या दोन दिवस आधी ओतलं गेलं. मुहूर्ताच्या आगीनं काही बिघडलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. लाकडाची मंद आग सुकवायला चांगलीच. बिघडलं ते संध्याकाळी. पाहुणे जेवून गेले आणि गाळपाची घाई म्हणून भट्टीत बगॅस सोडला. रात्री आतून फटाक्यांसारखे आवाज आले. भट्टी निवल्यावर पाहिलं तर हातभर लांबीचे तुकडे खालच्या जाळीवर पडलेले. ‘पोरांनी पाणी जास्त घातलं,’ ठेकेदार म्हणाला. एक साहेब पुढे गेले, ‘सवलतीत पास झालेल्यांच्या हातचं काम असंच.’ आमचे पैसे कापले.

कास्टेबलच्या गोणीसोबत इंग्रजीत छापलेला एक कागद येतो. रिकाम्या गोण्यांबरोबर तो फेकला जातो. आमच्यातल्या एकानं तो जपून ठेवला होता. त्या रात्री डिक्शनरी घेऊन बसलो. किती अंशाला किती तास थांबायचं याचं अख्खं कोष्टक त्यावर होतं. चूक आमची नव्हती. पण ते सांगायला आमच्याकडे ना तापमानाची नोंद होती, ना सांगण्याचा अधिकार.

मित्रांनो, मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धागा तोंडानं ओढावा लागतो. त्या खात्यात पगार जास्त होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली, तिथेही ते आले होते. वतनाची कामं जन्मावरून वाटली जात. मुकादमाची यादी वेगळं काय करत होती?

पुढची दोन वर्षं आम्ही ड्रॉइंग वाचायला शिकलो आणि स्वतःची कामं घेऊ लागलो. भूम भागात खव्याच्या भट्ट्या सुधारून दिल्या : खाली जाळी, हवेला वाट, मागे धुराडं, जाणाऱ्या उष्णतेवर दूध तापवायला दुसरं पातेलं. एका मालकाला लाकूड कमी लागतं हे पटलं, पण कढईला आमचा हात नको होता. घेराचं माप त्याच्या पोरानं सुतळीनं घेऊन दिलं. ते दोन बोटं चुकलं, एका बाजूनं जाळ बाहेर यायला लागला. दुसऱ्यांदा आम्ही अट घातली, कढई आम्हीच बसवणार. त्यानं सकाळभर विचार केला. मग स्वतःच कढई उचलून आमच्याकडे दिली.

आता कारखान्यांना देतो त्या कोटेशनमध्ये एक ओळ पक्की असते : भट्टी सुकवण्याचं वेळापत्रक आमचं, दर तासाच्या तापमानाच्या नोंदीवर दोन्ही बाजूंची सही. मागच्या हंगामाआधी एका ठिकाणी म्हणाले, तीन दिवस कमी करा, मुहूर्त निघालाय. आम्ही नाही म्हणालो. काम दुसऱ्याला गेलं. आमच्यातल्या एकाच्या घरी त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.