गुण भागिले सेकंद

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीचा निकाल एका भागाकाराने लागतो. मिळवलेले गुण अंशस्थानी, लागलेले सेकंद छेदस्थानी. उत्तराला म्हणायचं ‘हिट फॅक्टर’, आणि ज्याचं उत्तर मोठं त्याची सरशी. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही. आपल्या ओळखीची नेमबाजी ऑलिंपिकची: एका जागी उभं राहून, पिस्तूल एका हातात धरून, श्वास रोखून केलेली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, त्यातही वेळेचं बंधन असतं. जलद टप्प्यात निशाण तीन सेकंद दिसतं आणि तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून एक गोळी झाडायची असते. पण तिथे वेळ ही मुदत आहे. गोळी पहिल्या सेकंदाला सुटली काय किंवा तिसऱ्याच्या शेवटाला सुटली काय, गुण तेवढेच. प्रॅक्टिकलमध्ये नेमबाज दोन्ही हातांनी पिस्तूल धरून आडोशांमधून पळतो, वाटेत मॅगझिन बदलतो, कागदाची आणि पोलादाची निशाणं टिपतो. त्याला मुदत कुणीच घालत नाही. फक्त प्रत्येक सेकंदाची किंमत लावली जाते. मुदत आणि किंमत यांतला हा फरक तांत्रिक वाटेल, पण या खेळातलं शहाणपण तिथेच आहे, असं मला वाटतं.

माणसाचं वेळेशी नातंही याच वाटेने जातं. शाळेत वेळ मुदत असते. तीन तासांचा पेपर अडीच तासांत देऊन बाहेर पडणाऱ्याला त्याबद्दल जादा गुण नसतात. पुढे नोकरी-धंद्यात प्रत्येक कामाखाली हळूच एक छेद येऊन बसतो: झालं ते ठीक, पण किती वेळात? विशीत मला वेग म्हणजेच कौशल्य वाटे. वय वाढलं तसा सावकाशीला शहाणपण समजण्याकडे कल झुकला. दोन्ही मतांना आपल्याकडे म्हणींचा भक्कम आधार आहे, त्यामुळे दोन्ही खरी वाटत राहतात. या खेळाचे नियम वाचताना मात्र दोन्ही डळमळतात. घाई वाईट की चांगली, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. या ठिकाणी, या अंतरावर, घाई कितीला पडते, एवढंच विचारलं जातं.

हिशेब करून पाहू. कागदी निशाणाचा मधला भाग ‘ए’, त्याचे ५ गुण. त्याच्या भोवतीचा ‘सी’, ३ गुण. कडेचा ‘डी’, १ गुण. गोळी हुकली तर १० वजा, आणि शेजारी मुद्दाम लावलेल्या ‘नो-शूट’ला लागली तरी १० वजा. समजा, बारा गोळ्यांची स्टेज (स्पर्धेतली एक धाव) आहे, म्हणजे जास्तीत जास्त ६० गुण. पहिल्याने बाराही गोळ्या ‘ए’मध्ये घातल्या, वेळ १० सेकंद: हिट फॅक्टर ६. दुसऱ्याच्या आठ ‘ए’मध्ये, चार ‘सी’मध्ये, गुण ५२, वेळ ८ सेकंद: ६.५. तिसरा ७ सेकंदांत मोकळा झाला, पण आठ ‘ए’, तीन ‘सी’ आणि एक हुकलेली, म्हणजे ३९ गुण: ५.५७. निर्दोष नेमबाज दुसरा आला आणि सगळ्यांत चपळ तो तळाला गेला. आता आकडे उलटे वाचा. ६.५च्या स्टेजवर ‘ए’ऐवजी ‘सी’ लागली तर जाणारे दोन गुण म्हणजे साधारण तीन दशांश सेकंद. तेवढा वेळ वाचत असेल तर ‘सी’ परवडते. निशाणं लांबची आणि अर्धवट झाकलेली असतील, उत्तम नेमबाजाचाही हिट फॅक्टर तीनच्या पुढे जात नसेल, तर तेच दोन गुण दोन तृतीयांश सेकंदांचे होतात आणि थांबून नीट नेम धरणं फायद्याचं ठरतं. समोरच्या निशाणावर पिस्तुलाची माशी खाचेत काटेकोर बसेपर्यंत थांबणारा तोट्यात, आणि लांबच्या निशाणावर न थांबणाराही तोट्यात. हुकलेली गोळी तर मिळायचे पाच आणि दंडाचे दहा असे पंधरा गुण नेते, म्हणजे ६.५च्या भावाने सव्वादोन सेकंदांहून अधिक. एकाच धावेत नेमबाजाला हा दर निशाणागणिक बदलावा लागतो. सरसकट वेगवान किंवा सरसकट अचूक असणाऱ्याचा इथे निभाव लागत नाही.

हे गणित खेळाच्या जन्मापासून असंच नव्हतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बिग बेअरच्या परिसरात जेफ कूपर या मरीन दलातल्या माजी अधिकाऱ्याने पिस्तुलाच्या खुल्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. उद्देश उघड होता: पिस्तूल प्रत्यक्ष झटापटीत कसं वापरावं, याचा शोध. तोवर पिस्तूल एका हाताने किंवा कमरेजवळूनच झाडायचं, असा समज होता. लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यातला जॅक वीव्हर दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांसमोर आणून झाडू लागला, जिंकू लागला आणि बाकीच्यांना त्याच्यामागून जावं लागलं. १९७६मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया इथे ‘आयपीएससी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि अचूकता, जोर व वेग ही तीन तत्त्वं तिने बोधवाक्यात घेतली. पुढच्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन ईनॉस यांनी दोन्ही हात सरळ ताणून धरण्याची पद्धत आणली, तीही जिंकली, आणि कूपर ज्या वीव्हर पद्धतीचा आग्रह धरत तीच मागे पडली. पुढे कूपर या खेळावर नाराज झाले, कारण झुंजीची तालीम नुसता खेळ होऊन बसली होती. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. पण ज्या मोजमापाने एका हाताची जुनी समजूत खोटी पाडली, तेच मोजमाप गुरूच्या आवडत्या पद्धतीपुढे गप्प बसेल, ही अपेक्षा चुकीची होती. मोजायला लागलं की मोजणाराही मोजला जातो.

जोराचं माप कसं घ्यायचं, हा प्रश्नही अशाच रोकड्या पद्धतीने सुटला. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. हा ‘पॉवर फॅक्टर’. ९ मिलिमीटरची १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांच्या वेगाने गेली तर तो १३०च्या थोडा वर येतो. किमान १२५ हवा, म्हणून ती ‘मायनर’मध्ये बसते. ‘स्टँडर्ड’ गटात ‘मेजर’ ठरायला १७० लागतात. पॉइंट फोर्टीची १८० ग्रेनची गोळी ९५० फुटांवर १७१ देते. बक्षीस असं की मेजरवाल्याला ‘सी’चे चार आणि ‘डी’चे दोन गुण मिळतात. मघाचा दुसरा नेमबाज मेजर असता तर त्याचे ५२चे ५६ झाले असते आणि हिट फॅक्टर बरोबर सात. मात्र जास्त जोर म्हणजे जास्त धक्का, आणि धक्क्याने उसळलेली नळी परत निशाणावर यायला वेळ घेते. सवलत दिली, पण तिची किंमतही त्याच छेदात वसूल केली. शिवाय शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. मोठ्या स्पर्धेत खेळाडूची काडतुसं काढून घेतात, गोळी उपसून तोलतात, उरलेली वेगमापकावरून झाडून पाहतात. जाहीर केलेला मेजर भरला नाही तर गुण मायनरचे. १२५ही भरले नाहीत तर पळायला हरकत नाही, गुण मात्र शून्य.

इथे पहिला आक्षेप येतो: हा खेळ शेवटी खिशाचा. आक्षेप निराधार नाही. ‘ओपन’ गटातल्या पिस्तुलावर भिंगाची दुर्बीण नसून लाल ठिपक्याची काच असते, नळीच्या तोंडाशी वायू वर फेकून धक्का दाबणारा कॉम्पेन्सेटर असतो, मॅगझिन लांबलचक असतं. ही साधनं महागडी आहेत आणि ती फरक पाडतात. याच कारणाने काही जुन्या जाणत्यांनी १९९६मध्ये अमेरिकेत ‘आयडीपीए’ ही वेगळी संघटना काढली. रोज कमरेला लावता येईल असंच पिस्तूल आणि वरून झाकणारा अंगरखा, असा तिचा बाणा होता. पण तिथेही घड्याळ आलं, दंडाचे सेकंद आले, आणि नियमांच्या फटी शोधणारे हुशार खेळाडूही आले. आयपीएससीने वेगळा उपाय केला: साधनांवर बंदी न घालता गट पाडले. ‘प्रॉडक्शन’मध्ये मान्य यादीतलंच पिस्तूल आणि सुरुवातीला मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १५ काडतुसं. ‘स्टँडर्ड’चं पिस्तूल २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावलंच पाहिजे. पैसेवाल्याशी पैसेवाल्याने लढावं, ही तडजोड आहे, समता नव्हे. तरी ती प्रामाणिक आहे. आणि सरावातला मोठा भाग तर रिकाम्या पिस्तुलानेच होतो: होल्स्टरमधून काढणं, पकड, मॅगझिन बदलणं, पावलं. जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल मिळत नाही. तिथल्या तात्सुया साकाईने प्लॅस्टिकचे छर्रे उडवणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलावर तयारी केली आणि २००४ची ‘स्टील चॅलेंज’ ही अमेरिकेतली वेगाची स्पर्धा जिंकली.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: नाव काहीही द्या, ही माणूस मारण्याचीच तालीम. खेळाचं मूळ पाहता याला साफ नकार देता येणार नाही. पण नियमपुस्तक उघडलं की दिसतं, त्याची सगळ्यांत कडक पानं गोळी झाडण्याविषयी नाहीतच. रेंजवर पिस्तूल रिकामंच फिरवायचं. रेंज ऑफिसरने ‘लोड अँड मेक रेडी’ म्हटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. ठरवून दिलेल्या सुरक्षित जागी रिकामं पिस्तूल हाताळायची मुभा आहे, पण तिथे काडतुसाला स्पर्श झाला की खेळाडू बाद. पळताना किंवा मॅगझिन बदलताना बोट ट्रिगरच्या कडीबाहेर हवं. नळी समोरच्या मातीच्या बांधापासून नव्वद अंशांपलीकडे वळली, पिस्तूल हातातून निसटून पडलं, हलताना चुकून गोळी सुटली, तर त्या स्टेजपुरता नव्हे, अख्ख्या स्पर्धेतून बाद. धाव संपली की ‘अनलोड अँड शो क्लिअर’. ऑफिसर रिकामी नळी स्वतः डोळ्यांनी पाहतो, तेव्हाच पिस्तूल होल्स्टरमध्ये जातं. पोलीस-लष्कराबाहेरच्या खेळाडूंनी लष्करी छापाचे कपडे घालू नयेत, अशी सूचनाही नियमांत आहे. या नियमांची मेख अशी की त्यांना हिट फॅक्टर लागत नाही. ‘सी’ लागली तर दोन गुण, हुकली तर पंधरा, या साऱ्यांची सेकंदांत किंमत करता येते. नळी मागे वळण्याची किंमत करता येत नाही. विश्वविजेता असो की पहिल्यांदा आलेला पोरगा, कितीही वेग दाखवला तरी ते भरून निघत नाही. जिथे सगळं भागाकाराने ठरतं, तिथे एक गोष्ट भागाकाराबाहेर ठेवली आहे.

यावर कुणी डनब्लेनचं नाव घेईल आणि ते योग्यच ठरेल. मार्च १९९६मध्ये स्कॉटलंडमधल्या त्या गावच्या शाळेत एका माणसाने १६ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घातल्या. त्याच्याकडची पिस्तुलं परवान्याची होती. १९९७मध्ये दोन कायदे होऊन ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलं जवळपास संपली आणि त्यांच्याबरोबर तिथलं प्रॅक्टिकल पिस्तूलही गेलं. रायफल आणि शॉटगनचे प्रकार तेवढे उरले. त्या निर्णयाबद्दल नेमबाज हळहळतात, पण नियमपुस्तकाची शिस्त रेंजच्या कुंपणापर्यंतच पोचते, हे मान्य करायलाच हवं. कुंपणाबाहेर कुणाच्या हाती काय असावं, हे ठरवणं समाजाचं आणि कायद्याचं काम आहे, आणि तिथे खेळाडूची सोय दुय्यम आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ९ मिलिमीटर हा सामान्यांसाठी निषिद्ध बोअर आहे. त्यामुळे हा खेळ जगभर ज्या काडतुसावर चालतो तेच इथे बंद, आणि हौशी नेमबाजाची वाट १० मीटर एअर पिस्तूल आणि पॉइंट टूटूकडे वळते. मला यात गैर काही दिसत नाही.

या खेळातून घ्यायचं ते पिस्तुलाशिवायही घेता येतं. कामाला छेद लागणारच, त्यावर कुढण्यात अर्थ नाही; कुठे घाई परवडते आणि कुठे नाही, याचा दर काढायला शिकावं. पण त्याआधी भागाकारात कधीच आणायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी करावी. औषधाच्या मात्रेची खातरजमा, विजेच्या खांबावर चढण्याआधी प्रवाह बंद केल्याची खात्री, वळणावरचा ब्रेक: इथे वाचवलेल्या सेकंदाला गुण नसतात. आणि मुलाला किंवा मुलीला नेमबाजीच्या वर्गाला घालायचा विचार असेल, तर प्रशिक्षकाला पदकांची संख्या नंतर विचारा. नळी भलतीकडे वळली तर तो त्या दिवसापुरतं पोराला घरी पाठवतो का, हे आधी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा वर्ग शोधा.