स्टिफनरचं टोक

रॉकेटच्या पॅनेलवरचा स्टिफनर कुठे संपवायचा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मधल्या भागाचं काय, हॅटचा आकार घ्या, ब्लेडचा घ्या, बकलिंग सांभाळून अंतर ठरवा. पण केबलसाठी खिडकी आली की स्टिफनर वाटेतच थांबवावा लागतो आणि त्याचा सगळा भार एक मिलिमीटरच्या स्किनवर येऊन पडतो. दोघांचे मध्य एका रेषेत नसल्याने स्किन वाकते, फ्लँजचं टोक उचकटू पाहतं. तंतूंच्या दिशेने दोनेक हजार मेगापास्कल सोसणारा माल जाडीच्या दिशेने पन्नासेकातच उकलतो. तिथे नुसतं रेझिन असतं.

वेब उतरता करून पाहिला, फ्लँज पायरीपायरीने पातळ केली, टोक गोल केलं, तिरकं केलं. उतार लांबवला की टोक नरमतं, पण शेजारची स्किन आधी बकल होते. मॉडेलची जाळी जितकी बारीक करावी तितका टोकाचा ताण चढतच जातो, त्या आकड्याला अर्थच उरत नाही. मग तडा आहेच असं धरून तो पसरायला किती ऊर्जा लागेल ते मोजायचं. पण तडा केवढा धरायचा? ते पुन्हा आपणच ठरवायचं.

सँडविच पॅनेलवाले हसतात. हनीकोंबमध्ये कोंडलेली हवा उड्डाणात कुठून बाहेर काढता, असं विचारलं की त्यांचंही हसू मावळतं. खरा हेवा वाटतो तो रशियन वासिलिएव्हांच्या जाळीचा. प्रोटॉन-एम रॉकेटवर ती उडाली. बरगड्या एका रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत अखंड, स्किनच नाही, तर सुटणार काय? अर्थात खिडकी तिथेही कापावीच लागते.

नाणं टकटकवून सुटलेली जागा ओळखण्यात माझा हात कुणी धरत नसे. निकाल अल्ट्रासॉनिक स्कॅनचाच मानला जाई. तरी स्कॅनच्या आधी मी चारचौघांत नाणं काढायचो, कारण प्रेक्षक हवे असायचे. यंदा टोकापाशी टक केलं आणि मला सगळं सारखंच ऐकू आलं. हाताखालची मुलगी म्हणाली, "सर, इथे भद्द वाजतंय." स्कॅननेही तेच सांगितलं.

तिचं म्हणणं, प्रत्येक टोकाला दोन टायटॅनियमचे रिव्हेट मारावेत. सुटायचं ते सुटेल, पण पसरणार नाही. वजन वाढेल काही ग्रॅमच. रिव्हेटने तंतू कापले जातात, असं मी आजवर सांगत आलो. खोटं नाही ते. पण रिव्ह्यूत ते दोन ठिपके लांबूनही दिसतात, आणि मला ती 'यांना चिकटवणं जमलं नाही' अशी पाटी वाटते. ग्रॅमचं तर सोंगच. वरच्या टप्प्यात वाचलेला किलो जवळजवळ पुरा उपग्रहाच्या पदरात पडतो, खालच्या टप्प्यातला थोडासाच. मी मात्र खालच्या टप्प्याच्या पॅनेलसाठीही तितक्याच तावातावाने भांडलो.

चाचणीच्या नव्या पॅनेलवर तिने सगळ्या टोकांना रिव्हेट दाखवलेत. मी सही केली. फक्त एका टोकाचे काढायला लावले. तिथे उताराचा आणखी एक आकार मला बघायचाय.