द्राक्षांच्या गावी, काकांच्या चालीने



दवाखान्यात ज्येष्ठ रुग्णांसोबत येणारी मुले-सुना मला एक प्रश्न हमखास विचारतात, ‘डॉक्टर, बाबांना बाहेरगावी न्यावे का?’ माझे उत्तर वर्षानुवर्षे ठरलेले होते, ‘या वयात कशाला ती दगदग?’ या उत्तराने डॉक्टरांचे काही बिघडत नाही. विचारणाऱ्याचे मात्र पुष्कळ बिघडते, हे मला उशिरा कळले. तीच मागणी माझ्या सख्ख्या काकांनी केली, तेव्हा.

काका 81 वर्षांचे आहेत. कळंब तालुक्यात आयुष्यभर कोरडवाहू कपाशी केली. गळ्यात तुळशीची माळ. मधुमेहाला अठरा वर्षे झालेली, रक्तदाबाची गोळी चालू, दोन्ही गुडघे झिजलेले. काकू गेल्यापासून त्यांनी काही मागणेच सोडून दिले होते. एके दिवशी तपासणी आटोपल्यावर सहज म्हणाले, “मले येक डाव अंगूर वेलीले लागलेले पाहाचे हायेत.” मी दोनदा टाळले. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलेच नाही, आणि ते न विचारणे मला अधिक बोचले. जानेवारीच्या अखेरीस मी, माझी पत्नी आणि काका असे तिघे नाशिकला निघालो.

माझ्या मनात आणखी एक अढी होती, तीही सांगतो. नाशिक ही आज भारतातील वाइनची राजधानी मानली जाते. आमचा जिल्हा असा, की दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी रोज पाहतो. दारूबंदीसाठी इथल्या स्त्रियांनी मोर्चे काढले आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. अशा मुलखातल्या डॉक्टरने माळकरी काकांना घेऊन वाइनच्या गावी सुट्टी घालवावी, हे मला विचित्र वाटत होते. चार दिवसांनी परतताना ती अढी पूर्ण गेली नव्हती. पण द्राक्षांचा मुलूख वाइनपेक्षा पुष्कळ मोठा आहे, एवढे मात्र समजले होते.

प्रवास : घाई हाच पहिला शत्रू

यवतमाळहून नाशिक 500 किलोमीटरहून अधिक दूर आहे. आम्ही धामणगावहून रेल्वेने गेलो. आरक्षण करताना 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तो अवश्य निवडावा. नाशिक रोडला अपरात्री उतरवणारी गाडी टाळावी. थंडीत, अर्धवट झोपेत, घाईने फलाटावर उतरताना वृद्ध माणसे पडतात. एस.टी.ने जाणाऱ्यांपैकी 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे, 65 ते 75 वयोगटाला निम्मे भाडे आहे. समृद्धी महामार्गाने मोटारीतून जाणार असाल, तर दर दोन तासांनी थांबून ज्येष्ठांना पाच मिनिटे चालवावे. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्याने पायांना सूज येते आणि कधी कधी शिरांमध्ये रक्ताची गुठळीही होते.

पोहोचल्याचा पहिला दिवस काहीही न करण्याचा ठेवावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या कुशीत आहे. हिवाळ्यात इथली थंडी झोंबते. जवळच्या निफाडला काही पहाटे पारा 5 अंशांखाली उतरतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी सकाळचे फिरणे ऊन अंगावर येईपर्यंत पुढे ढकलावे.

द्राक्षमळ्यात

गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरीकडच्या रस्त्याला द्राक्षबागा सुरू झाल्या, की डोळ्यांपुढे शिस्तीत उभ्या असलेल्या हिरव्या ओळींशिवाय दुसरे काही दिसत नाही. काकांनी गाडी थांबवायला लावली. बागायतदाराने हसतमुखाने आत बोलावले, खुर्ची आणून दिली. एवढी विनंती आपणही करावी. ज्येष्ठ पाहुण्याला बागेत खुर्ची मिळाली, की तो तासभर रमतो.

द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, हे काकांना नवल वाटले. एप्रिलमधली खरड छाटणी पुढच्या पिकाची काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी फळासाठी. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम, म्हणून हेच महिने इथे येण्यास उत्तम. खाण्याच्या द्राक्षांचे मणी मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे. वाइनच्या द्राक्षांचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे. काकांनी वेलीला आधार देणाऱ्या तारांवरून, ठिबकच्या नळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हे त लाडाची लेक हाये. आपली पऱ्हाटी बापडी आभायाच्या भरोशावर.”

त्यावर तो बागायतदार थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने गारपिटीची गोष्ट सांगितली. तोडणीला आलेली बाग एका संध्याकाळी कशी झोडपली गेली, अवकाळी पावसाने मणी कसे तडकतात, औषधांचा आणि मजुरीचा खर्च आधी होतो आणि भाव नंतर ठरतो, हे सारे. आम्हा कापसाच्या मुलखातल्या माणसांना नाशिकचा शेतकरी म्हणजे सुखी माणूस वाटतो. काका ऐकत राहिले आणि शेवटी हळूच बोलले, “म्हंजे यायलेबी आभायच मारते त!” त्यानंतर ते दोघे जे बोलत बसले, त्यात मला जागा नव्हती. मी दूर जाऊन उभा राहिलो. काकू गेल्यानंतर काकांना इतके बोलताना मी पाहिले नव्हते.

मधुमेहींसाठी एक सूचना. द्राक्षे वर्ज्य नाहीत, मात्र मोजून खावीत. एका वेळी लहान आकाराचे 15-16 मणी पुरेत, तेही जेवणाला जोडून नव्हे, तर मधल्या वेळी. मनुका-बेदाण्यांत तीच साखर आटून दाट झालेली असते. दोन चमचे बेदाणे म्हणजे जवळपास तेवढीच द्राक्षे. मळ्यातला घड वाहत्या पाण्याखाली नीट धुतल्यावाचून तोंडात टाकू नये.

वाइनरीत : पाहावे, घेण्याची सक्ती नाही

नाशिकच्या वाइनचा आजचा विस्तार अलीकडचा आहे. सुला कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. बहुतेक मोठ्या वाइनरींत मार्गदर्शकासह फेरी असते आणि ती एक थेंबही न घेता पाहता येते. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून घेतात, तर लाल वाइनसाठी सालीसकट आंबवतात. रंग सालीतून येतो. पोलादी टाक्या, ओकच्या लाकडाची पिंपे, आंबण्याचा गोडसर वास. आमच्या भागात मोहफुलांचा वास ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना तो अगदीच परका वाटत नाही.

फेरीला जाताना ज्येष्ठांसाठी शाल घ्यावी, कारण पिंपांची दालने मुद्दाम थंड ठेवलेली असतात. जमीन ओली असते, म्हणून रबरी तळाची पादत्राणे असावीत. हंगामात पर्यटकांना पायांनी द्राक्षे तुडवण्याची गंमत करता येते. नातवंडांना खुशाल करू द्यावी. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र अनवाणी त्यात उतरू नये. घसरण्याची भीती आहेच, शिवाय पायाला झालेली जखम कळत नाही.

आता मुख्य प्रश्न. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे, ती हृदयाला चांगली’ असे अनेक जण ऐकवतात. वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क असतो. 150 मिलिलिटरच्या एका पेल्यात जवळपास 350 मिलिलिटर बिअरइतकाच मद्यार्क जातो. द्राक्षाच्या सालीतील ज्या द्रव्याचे गुण गायले जातात, ते वाइनमध्ये अत्यल्प असते. मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून औषध समजून वाइन सुरू करू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या, इन्सुलिन, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांच्यासह ती घातकही ठरू शकते. कुणी आग्रह केला, तर ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ असे माझे नाव पुढे करण्यास माझी हरकत नाही.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी एका वाइनरीची फेरी आम्ही दुपारी घेतली. काकांनी सकाळी साखरेची गोळी घेतली होती, न्याहारी मात्र नेहमीपेक्षा कमी झाली होती. फेरी लांबली. ‘बाहेर पडलो की जेवू,’ असे मी दोनदा म्हणालो. दीडच्या सुमारास काका विनाकारण चिडले, शब्द अडखळू लागले, चाल डगमगली. शेजारी चवीचे पेले मांडलेले होते. जवळ उभे असलेले दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हसले. आणि वाचकहो, सांगायला लाज वाटते, पण क्षणभर माझ्याही मनात आले, की काकांनी चुकून एखादा पेला तोंडाला लावला की काय.

पत्नीने त्यांचा हात धरला. तळवा घामाने थबथबला होता. “यांची साखर बघा,” ती म्हणाली. ग्लुकोमीटरवर आकडा आला 52. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली, मग पोळी-भाजी खाऊ घातली. अर्ध्या तासात काका पूर्वीसारखे झाले.

घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे, झोकांड्या ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे आहेत आणि ती हुबेहूब नशेसारखी दिसतात. वाइनच्या गावात तर पाहणाऱ्याचा गैरसमज ठरलेलाच. उपाशीपोटी मद्य घेतले, तर हा धोका आणखी वाढतो, कारण यकृत एरवी गरजेच्या वेळी जी साखर तयार करते, ते काम मद्यार्क रोखतो. साखर 70 च्या खाली असेल, तर तत्काळ साखरपाणी द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा. गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी आणि रात्रीही लक्ष ठेवावे.

संध्याकाळी खोलीवर काका शांतपणे म्हणाले, “तुले वाटलं ना, म्या घेतली म्हणून?” मी नाही म्हणू शकलो नाही. माळेवरून बोटे फिरवत ते एवढेच म्हणाले, “जाऊ दे. जेवाले उशीर नको करत जाऊ.”

पुढचे दोन दिवस

त्यानंतर सुट्टीचे वेळापत्रक काकांच्या जेवणाच्या वेळांवर बेतले. सकाळी एक ठिकाण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी जमले तर दुसरे. तेवढ्यातही पुष्कळ पाहून झाले. वणीच्या सप्तशृंगगडावर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. सुमारे 500 पायऱ्या टळतात आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्यांनाही देवीचे दर्शन घडते. पंचवटीत रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर न उतरता काठावरूनच गोदावरीला हात जोडावेत. काळाराम मंदिराच्या दारात उभे असताना 1930 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाची आठवण नातवंडांना जरूर सांगावी. पांडवलेणी दोनशेहून अधिक पायऱ्यांवर आहेत. आम्ही ती खालूनच पाहिली आणि पायथ्याच्या दादासाहेब फाळके स्मारकात बाकावर निवांत बसलो. गंगापूर धरणाच्या काठावरची संध्याकाळ तर काहीही न करण्यासाठीच असते. मिसळ खावी, पण तर्री बेताने घ्यावी आणि रात्री टाळावी.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे

• औषधे दोन ठिकाणी विभागून न्यावीत, निम्मी हातपिशवीत. औषधांची यादी खिशात असावी.
• ग्लुकोमीटर, साखरेच्या पुड्या, बिस्किटे, पाण्याची बाटली सतत जवळ असावी.
• साखरेची गोळी घेतली, की जेवण वेळेवर झालेच पाहिजे. जेवण अनिश्चित असेल, तर काय करावे हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.
• प्रत्येक ठिकाणी पायऱ्या किती आणि स्वच्छतागृह कुठे, हे फोनवर विचारून ठेवावे.
• लघवीच्या भीतीने पाणी कमी पिऊ नये.
• छातीत दुखणे, नव्याने लागलेली धाप, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर प्रवास पुढे ढकलावा.

आता कुणी मला विचारले, ‘बाबांना न्यावे का?’, तर मी उलट विचारतो, ‘बाबांना काय पाहायचे आहे?’ उत्तर मिळाले, की मग गोळ्यांचा आणि जेवणाच्या वेळांचा हिशेब आम्ही मिळून मांडतो.

काकांनी येताना त्या बागायतदाराकडून छाटलेल्या काडीचा वीतभर तुकडा मागून आणला आहे. तो वाळला आहे, रुजणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी देवघराशेजारच्या कोनाड्यात तो ठेवलेला आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला गोडी छाटणी म्हणजे काय, हे काका समजावून सांगतात.