डाव्या चाकातली टकटक

माझी गोल्फ सातव्या पिढीतली, जीटीआय. लाखाच्या वर किलोमीटर झाल्यावर तिच्या पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरायला लागलं. श्टुटगार्टहून श्वेबिशे आल्बच्या डोंगराकडे निघालो की वळणावर गाडी आधी कलायची, मग सावरायची. ऑटोबानवर पुलाचा सांधा ओलांडला की मागचा भाग झुलत राहायचा. शॉकअप बदलणं भागच होतं. मूळ सुट्या भागांच्या किमतीत थोडी भर घातली की कॉइलओव्हरचं किट येत होतं, म्हणून तेच घेतलं.

कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक कडं फिरतं आणि कड्यावर स्प्रिंग बसते. कडं खाली घेतलं की गाडी खाली बसते, वर घेतलं की उचलली जाते. या गोल्फला असा जोड फक्त पुढे आहे. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे मागच्या स्प्रिंगसाठी आट्यांची निराळी बैठक मिळते. बरेच जण हे किट गाडी जमिनीला टेकलेली दिसावी म्हणून घेतात. मला ते पटत नाही. फार खाली गेलं की शॉकअपच्या दांड्याला खाली जायला जागाच उरत नाही, तो सारखा बंपस्टॉपवर आपटतो आणि ज्यासाठी पैसे मोजले ते काम होतच नाही. जीटीआय मुळातच साध्या गोल्फपेक्षा 15 मिलिमीटर खाली असते. मी आणखी 25 मिलिमीटरवर थांबलो.

ऑर्डर देण्याआधी एक माप घ्यावंच लागतं. या पिढीच्या गोल्फमध्ये चाक ज्याला जोडलेलं असतं त्या नकलमध्ये बसणारी स्ट्रटची, म्हणजे स्प्रिंगसह पुढच्या शॉकअपची, नळी काही गाड्यांत 50 मिलिमीटरची असते, काहींत 55ची. गाडीचं नाव तेच, इंजिन तेच, तरी माप वेगळं असू शकतं. चाक काढून कॅलिपरने मोजलं की शंका उरत नाही.

इथे तासाच्या भाड्याने लिफ्ट आणि अवजारं मिळणारी वर्कशॉप आहेत. काम आपण करायचं, अडलं तर तिथला मेकॅनिक येऊन बघतो. कोल्हापूरचा एक मित्र मदतीला होता. त्याचं बालपण वडिलांच्या गॅरेजमध्ये गेलेलं.

पुढचा स्ट्रट नकलच्या चिमट्यात घट्ट बसलेला असतो. चिमट्याच्या फटीत एक चपटं अवजार घालून पाव वळसा फिरवलं की फट रुंदावते आणि स्ट्रट सुटतो. हातोडा घालणाऱ्यांची नकल खराब होते. ब्रेकचा कॅलिपर पाइपवर लोंबू द्यायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. एबीएसची वायर आणि हेडलाइटच्या उंचीचा सेन्सर आधी मोकळे करायचे. शॉकअपच्या दांड्याला पक्कड लावायची नाही. दांड्यावर एक ओरखडा पडला तरी तेलाचं सील फाटतं. चिमट्याचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो. नवा घालून 70 न्यूटन-मीटर आणि त्यापुढे 90 अंश फिरवायचा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रबरी बुश. मागच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आवळले, तर बुश त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग उंची खोटी दिसते, गाडी ताठ वाटते आणि बुश लवकर फाटतं. म्हणून आम्ही ते बोल्ट नुसते हाताने लावले, गाडी चाकांवर उतरवली, थोडी पुढेमागे ढकलून बसू दिली आणि चाकांवर भार असतानाच टॉर्क पाना लावला.

गाडी छान चालली. वळणात ती आता एकदाच कलते आणि तिथेच थांबते. हा फरक पहिल्याच फेरीत कळला. पण गावातल्या दगडी फरसबंदीवर, ताशी वीस-तीसच्या वेगात, पुढे डावीकडून टकटक यायला लागली. मोठ्या खड्ड्यात आवाज नाही, वेगात नाही. फक्त बारीक, भरभर येणाऱ्या उंचवट्यांवर.

ओळखीच्या अनेकांनी एकच सल्ला दिला: किट परत कर. मला तो घाईचा वाटला. आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय भाग बदलणं म्हणजे निदानाआधी ऑपरेशन. मी एकेक संशयित बाजूला काढत गेलो. ब्रेक हलका दाबून चालवलं, आवाज तसाच. म्हणजे ब्रेक पॅड नव्हेत. मित्राने उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं, मी स्प्रिंगवर हात ठेवला. स्प्रिंग झटका न देता सलग फिरत होती, म्हणजे वरचं बेअरिंग ठीक. वरच्या नटावर बसवतानाच रंगाची रेघ मारून ठेवली होती. ती सरकलेली नव्हती. लिफ्टवर चाकं लोंबत असताना स्प्रिंग हाताने हलवून पाहिली. ती सैल नव्हती. स्ट्रट चिमट्यात पूर्ण खाली बसलेला होता. लिंक रॉडही हलवून पाहिले, त्यांत खेळ जाणवला नाही.

मित्र म्हणाला, "हलवून काय कळतंय? दोन्ही लिंक काढून एक चक्कर मार की."

लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. दोन्ही काढले तर गाडी वळणात जास्त कलते, म्हणून रस्त्यावर जायचं नाही. वर्कशॉपच्या फरसबंद आवारात सावकाश फिरवली. टकटक गायब.

काढलेला डावा रॉड शिकंजात धरून बॉल फिरवला तेव्हा कारण हाताला लागलं. एका कोनात बॉल घट्ट होता, किंचित तिरका केला की सैल. जुन्या उंचीवर तो वर्षानुवर्षं एकाच कोनात बारीक हलत राहिला आणि त्याच्या आसपासची जागा झिजली. गाडी खाली आल्यावर कोन बदलला आणि ती झीज उघडी पडली, असा माझा निष्कर्ष. लिफ्टवर चाकं लोंबतात तेव्हा कोन आणखी वेगळा असतो, म्हणून तिथे हाताला काही लागलं नव्हतं. दोन्ही बाजूंना नवे लिंक घातले. तो आवाज पुन्हा आला नाही.

स्प्रिंगा काही मिलिमीटर बसतात, म्हणून काही आठवड्यांनी उंची पुन्हा मोजली, मग अलाइनमेंट केलं आणि टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेत गेलो. तिथल्या अभियंत्यांनी स्प्रिंगांवरचे नंबर किटच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहिले. एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक उंचावर चढवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते पाहिलं. हेडलाइट तपासले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहिलं. ही नोंद नसेल तर जर्मन नियमावलीच्या कलम 19नुसार गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच रद्द होते. तपासणी करून घेताना मला त्रास वाटला नाही, उलट धीर आला. माझं काम एका जाणकार माणसाने तपासलं होतं.

भारतात अशी वाट नाही. मूळ निर्मात्याच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52ला मान्य नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. तरीही पुण्यात, मुंबईत कॉइलओव्हर बसतात, आणि बसल्यावर ते कोणी तपासत नाही. 1966 पासून वाहनांच्या चाचण्यांचं काम करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. प्रमाणित किट आणि बसवल्यानंतरची तपासणी, एवढी सोय तिच्यासारख्या संस्थेच्या मदतीने नक्की उभी राहू शकेल. ती व्हायला हवी.

तोवर ज्यांनी किट बसवलंच आहे त्यांना एवढंच सांगतो: बुशचे बोल्ट चाकांवर भार असताना आवळले होते का, हे मेकॅनिकला विचारा. नसतील तर सैल करून पुन्हा आवळून घ्या.